बांध, बाइंड आणि बुंड : एका धातूची दोन टोकं



आजचं व्याख्यान पानशेतला होत आहे आणि विषय आहे जर्मानिक भाषांमधला एक शब्द. जर्मानिक म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश, आइसलँडिक आणि आता कुणी बोलत नाही ती गॉथिक, हे सगळं कुटुंब. वेल्ह्याच्या डोंगरात या कुटुंबाचं काय काम, असं कुणालाही वाटेल. पण ज्या शब्दाविषयी आम्ही बोलणार आहोत, त्याचा मराठी भाऊ इथल्या प्रत्येक भातखाचराच्या कडेला पडलेला आहे. तो म्हणजे 'बांध'. आणि समोरची धरणाची भिंत उभी राहिली, तीही 'बांधली' गेली असंच आपण म्हणतो.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू. या भिंतीला आपल्याकडे दोन नावं आहेत. गावातला माणूस 'धरण' म्हणतो, शनिवार-रविवारी पुण्याहून येणारा 'डॅम' म्हणतो. 'धरण' हा 'धृ' धातूपासून आलेला, धरून ठेवणारं ते धरण. 'डॅम' हा खास जर्मानिक शब्द. आम्स्टेल नदीवरचा डॅम म्हणून ॲम्स्टरडॅम, रोटे नदीवरचा म्हणून रॉटरडॅम. गंमत बघा, दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या लोकांच्या भाषेत 'डॅम' म्हणजे भिंत नाही, भिंतीमागचं पाणी. आपणही 'धरण भरलं' म्हणतो तेव्हा भिंत थोडीच भरते? धरणारा आणि धरलेलं, दोघांना एकच नाव पडतं. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

आता मूळ शब्दाकडे. इंग्रजीत 'बाइंड', जर्मन आणि डचमध्ये 'बिंडन', स्वीडिशमध्ये 'बिंडा', गॉथिकमध्ये 'बिंदान'. अर्थ सगळीकडे एकच, बांधणं. आणि आपल्याकडे संस्कृत 'बन्ध्'. हा योगायोग आहे का? किंवा कुणी कुणाकडून उसना घेतला का? दोन्ही नाही. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य इतकं आहे की त्यांचं मूळ एक असलं पाहिजे, आणि गॉथिकही त्याच घराण्यातली असावी. पुढे १८२२ साली याकोब ग्रिम यांनी, म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरल्यांनी, हे नातं नियमात बसवलं. त्यातला आपल्या कामाचा भाग एवढाच. आपल्याकडे जिथे 'भ' असतो तिथे जर्मानिक भाषांत 'ब' येतो. भ्राता, ब्रदर. आपल्याकडे जिथे 'ध' असतो तिथे त्यांच्याकडे 'ड' येतो. विधवा, विडो.

आता हा नियम आपल्या शब्दाला लावून बघा. 'बन्ध्' मधला 'ध' आणि 'बाइंड' मधला 'ड', हे जुळलं. पण 'ब'चं काय? नियमाप्रमाणे इंग्रजीत 'ब' असेल तर आपल्याकडे 'भ' हवा. 'भन्ध्' हवं. ते 'बन्ध्' कसं झालं? इथे ग्रिमचा नियम काही काळ अडून बसला होता. तो सोडवला हेरमान ग्रासमान यांनी, १८६३ साली. हे गृहस्थ शाळेत शिकवणारे गणिती, आणि त्यांनीच पुढे ऋग्वेदाचा कोश आणि जर्मन अनुवाद केला. ते म्हणाले, संस्कृत आणि ग्रीक या भाषांना लागोपाठच्या दोन अक्षरांत दोन हकार सोसत नाहीत. पहिला आपला हकार सोडून देतो. म्हणून मूळ 'भन्ध्' चं आपल्याकडे 'बन्ध्' झालं. ग्रीकमध्ये याच धातूपासून 'पेन्थेरॉस' हा शब्द आहे. त्याचा अर्थ सासरा. म्हणजे लग्नाने बांधला गेलेला माणूस.

सासरा ऐकून काहींना हसू आलं. पण इथेच या शब्दाचा स्वभाव उघड होतो. बांधणं म्हणजे दोरीने आवळणं, आणि बांधणं म्हणजे नातं जोडणंही. बंधन आणि बंधू एकाच पोटचे. 'बंदिवान' आणि 'बांधव' हेही एकाच धातूचे, त्यातला पहिला इराणकडून फिरून आपल्याकडे आला एवढंच.

इराणचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. फारसीतला 'बंद' हा याच धातूचा. बंदोबस्त, नजरबंद, कमरबंद, हे सगळे त्या वाटेने मराठीत आले. म्हणजे मराठीत एकाच आजोबांचे दोन नातू नांदतात. संस्कृतातून आलेला 'बांध' घरचा, आणि फारसीतून आलेला 'बंद' दरबारातून आलेला. फारसीत 'बंदा' म्हणजे सेवक. त्याचं जुनं रूप 'बन्दक', आणि ते इराणच्या बेहिस्तून इथल्या शिलालेखात आहे, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या. सम्राट दारयवहू, ज्याला आपण दारियस म्हणतो, आपल्या विश्वासू सेनापतींना तिथे 'माझा बन्दक' म्हणतो. तो सेनापती गुलाम नव्हता, मानाचा माणूस होता. पण होता 'बांधलेला'. मान आणि बंधन एकाच शब्दात.

फारसी-हिंदुस्तानीतून 'बंद' इंग्रजांनी उचलला आणि त्याचा 'बंड' केला. पाण्याला अडवणारा बांध किंवा काठावरचा कट्टा, तो बंड. हा शब्द इंग्रजांबरोबर पार शांघायपर्यंत गेला, तिथला नदीकाठचा प्रसिद्ध रस्ता 'द बंड' म्हणून ओळखला जातो. आणि आपल्याकडे पुण्यात बंड गार्डन. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बांधलेल्या बंधाऱ्याजवळची ती बाग. मराठी माणसाला वाटतं तिथे कधी कुणी बंड केलं असेल. बंड वगैरे काही नाही, तो आपलाच बांध, इंग्रजी कोट घालून परत आलेला.

आता जर्मानिक घरात जाऊ. या भाषांत धातूतला स्वर बदलून नवे शब्द होतात. बिंड, बांड, बुंड. या तीन रूपांतून शब्दांची रांग निघते. जर्मनमध्ये 'बांड' म्हणजे फीत, आणि 'बांड' म्हणजे ग्रंथाचा खंड, कारण पानं बांधली की खंड होतो. आपण 'निबंध' आणि 'प्रबंध' म्हणतो त्यातही हीच कल्पना आहे, विचार बांधून ठेवले की प्रबंध. डचमध्ये 'बांड' म्हणजे गाडीचा टायर, चाकाला बांधलेला. जर्मन 'फरबांड' म्हणजे जखमेवरची पट्टी, आणि 'फरबांड' म्हणजेच संघटना, महासंघ.

सगळ्यात गमतीचा 'बुंड'. जर्मनीतल्या मंडईत तुम्ही कोथिंबिरीची जुडी मागाल तर ती एक 'बुंड'. आणि त्या देशाचं संघराज्य, तेही 'बुंड'. त्यांची संसद बुंडस्टाग, फुटबॉलची स्पर्धा बुंडसलीगा. बायबलमध्ये देव आणि माणसं यांच्यात झालेला करार, त्यालाही जर्मन 'बुंड' म्हणतात. जुना करार, नवा करार. जुडीत काड्या एकमेकींना आवळतात, संघराज्यात राज्यं एकमेकांना बांधून घेतात, करारात दोन्ही पक्ष शब्दाने बांधले जातात. इंग्रजीत तोच अर्थ 'बाँड' या शब्दात उतरला. बाँड म्हणजे रोखा. पैसे घेणारा परत देण्याला बांधील असतो, म्हणून बाँड.

इथे आमच्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट आम्ही नेहमी सांगत असू. आपल्या दर्शनांत 'बंध' हा शब्द आला की त्याच्या जोडीला 'मोक्ष' येतो. बंध म्हणजे सुटायची गोष्ट. 'बुंड' म्हटलं की जर्मन माणसाच्या मनात सुटका येत नाही, एकत्र येणं येतं. शब्द एक, पण एका परंपरेने दोरीकडे आवळणारी म्हणून बघितलं, दुसरीने जोडणारी म्हणून. तरी मराठीने दुसरा अर्थही हातचा सोडलेला नाही. 'बांधिलकी' हा आपला शब्द बघा. समाजाशी बांधिलकी म्हणतो तेव्हा ती आपण स्वतःहून घेतलेली गाठ असते, आणि ती सोडण्याला आपण मोक्ष म्हणत नाही.

आता या गोष्टीतलं अवघड वळण. इंग्रजीत 'बाँडेज' म्हणजे गुलामी. साधा तर्क असा की 'बाइंड' वरून 'बाँड', 'बाँड' वरून 'बाँडेज', बांधलेला तो गुलाम. ऐकायला बिनचूक वाटतं. पण ही व्युत्पत्ती खरी नाही. बाँडेजमधला 'बाँड' दुसऱ्याच धातूचा आहे. तो आला जुन्या नॉर्समधून, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतून. तिथे 'बोन्दी' म्हणजे शेतकरी. स्वतःच्या घरात, स्वतःच्या जमिनीवर राहणारा, स्वतंत्र शेतकरी. 'बुआ' म्हणजे राहणं, त्यावरून 'बोन्दी', राहणारा. घरात राहणारा धनी तो 'हूसबोन्दी', त्याचं इंग्रजीत 'हजबंड' झालं. डच 'बूर' म्हणजे शेतकरी आणि जर्मन 'बाउअर' म्हणजे शेतकरी, हेही त्याच राहण्याच्या धातूचे.

आणि या धातूचा आपल्याकडचा भाऊ कोण? 'भू'. भवति मधला भू, भूमी मधला भू. नियम लावा, आपला 'भ' तिकडे 'ब'. इंग्रजी 'बी', म्हणजे असणं, तोही याचाच. मार्टिन हायडेगर यांनी १९५१ साली डार्मश्टाट इथे बांधणं, राहणं आणि विचार करणं या विषयावर एक गाजलेलं व्याख्यान दिलं. त्यांचा सगळा भर यावरच होता, की जर्मन 'बाउअन', म्हणजे घर बांधणं किंवा जमीन कसणं, आणि 'इख बिन', म्हणजे 'मी आहे', हे एकाच मुळाचे. मी आहे म्हणजे मी राहतो. एक फरक मात्र नोंदवू. जर्मन माणसाचं घर राहण्याच्या धातूने उभं राहतं, आपलं घर बांधण्याच्या धातूने. आपण घर 'बांधतो'.

व्युत्पत्ती म्हणजे पुरावा असं मात्र कुणी समजू नये. शब्दाचं मूळ काय होतं यावरून आज काय असावं हे सिद्ध होत नाही. पण शब्दाचा अर्थ कसा बदलला, ते बघितलं तर त्या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या माणसांचं काय झालं हे कळतं. बोन्दीचंच बघा. स्कँडिनेव्हियातून हा शब्द इंग्लंडमध्ये गेला तेव्हा तिथेही त्याचा अर्थ घरधनी असाच होता. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. जमीन सरदारांची झाली, शेतकरी तिच्यावर राबणारा कूळ झाला. शब्द तोच राहिला, माणूस खाली गेला, आणि त्याच्याबरोबर अर्थही खाली गेला. मग शेजारचा 'बाँड', बांधणारा, या शब्दात मिसळला आणि सगळ्यांना वाटू लागलं की हा पहिल्यापासून बांधलेलाच होता. तिकडे स्वीडनमध्ये मात्र शेतकऱ्याला आजही 'बोंडे' म्हणतात, आणि १८६६ पर्यंत तिथल्या संसदेत सरदार, धर्मगुरू आणि नागरिक यांच्याबरोबर शेतकऱ्यांचं चौथं स्वतंत्र सभागृह होतं. एकच शब्द. एका देशात तो संसदेत बसला, दुसऱ्या देशात गुलामीचं नाव झाला. धातूने हे ठरवलं नाही. जमीन कुणाच्या हातात राहिली, त्याने ठरवलं.

आता परत पानशेतला येऊ.

आंबी नदीवरच्या या धरणाचं काम पन्नाशीच्या दशकात सुरू झालं. मातीचं धरण. त्यासाठी आंबीच्या खोऱ्यातल्या गावांनी आपली खाचरं आणि आपले बांध सोडले. काम पुरतं संपलेलं नसताना १९६१ च्या पावसाळ्यात पाणी साठलं. भिंत खचू लागली. जवानांनी वाळूची पोती टाकून ती सावरायचा प्रयत्न केला. १२ जुलै १९६१ च्या सकाळी ती फुटली. खालचं खडकवासल्याचं धरणही तो लोंढा पेलू शकलं नाही, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुण्याला हे आजही 'पानशेतचा पूर' म्हणून आठवतं. गोखलेनगर, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. पुढे धरण पुन्हा बांधलं गेलं. आज या जलाशयाचं नाव तानाजीसागर, साठा साधारण १०.६५ टीएमसी, आणि खडकवासला, वरसगाव, टेमघर यांच्यासह तो पुण्याची तहान भागवतो.

या एका भिंतीमुळे मराठीत दोन शब्द घरोघर झाले. खाली 'पूरग्रस्त', वर 'धरणग्रस्त'. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला. ग्रहणात सूर्य ग्रस्त होतो, तसा. भिंत फुटली तेव्हा खालचे गिळले गेले, भिंत टिकली तेव्हा वरचे. पूर एका दिवसाचा होता म्हणून त्याची तारीख सगळ्यांना पाठ आहे. खोऱ्यात पाणी चढण्याला अशी एक तारीख नसते. ते चढतं आणि राहतं. म्हणून पानशेत हे नाव घेतल्यावर पुण्यात पूर आठवतो, बुडालेली खाचरं आठवत नाहीत. धरण म्हणताना आपण भिंत म्हणतो, पाणी म्हणतो, पण त्या पाण्याखालची जमीन या शब्दात कुठेच नाही. धरणाऱ्याचं आणि धरलेल्याचं नाव एक होतं असं आम्ही सुरुवातीला म्हणालो. ज्याच्याकडून घेतलं, त्याचं नाव मात्र त्यात येत नाही.

सरकारी कागदात आणखी एक शब्द येतो, 'प्रकल्पबाधित'. काल कुणी तरी म्हणालं, 'बाधित' म्हणजे बांधाने बाधलेला ना? ऐकायला तसंच वाटतं. पण 'बाध्' हा वेगळा धातू, त्याचा अर्थ पीडा देणं. 'बांध' आणि 'बाध' यांच्यात एका अनुस्वाराचं अंतर. इंग्रजांनी बोन्दी आणि बाँड यांची सरमिसळ केली आणि शेतकरी जन्माचाच बांधलेला वाटू लागला. आपल्याकडे तसं होऊ देऊ नये. बांध घातला की माणूस बाधित होणारच, हे काही धातूत लिहिलेलं नाही. तो ठरवून केलेला व्यवहार आहे, आणि म्हणून बदलता येतो.

व्यवहार काय होता ते बघा. पानशेतची भिंत उठत होती तेव्हा जमीन घेण्याला १८९४ चा भूसंपादन कायदा होता. त्यात नुकसानभरपाई होती. पैसे दिले की व्यवहार संपला, गाठ सुटली. इथून जवळच, मुळशीला, सेनापती बापट आणि मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो याच कायद्याच्या काळात. जमीन म्हणजे पैशात मोजून मिटवायची वस्तू नाही, हे त्या शेतकऱ्यांचं म्हणणं होतं. महाराष्ट्रात प्रकल्पामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली, मग १९८६ आणि १९९९ साली नवे कायदे आले.

'पुनर्वसन' हा शब्दही या गोष्टीतलाच आहे. त्यात 'वस्' धातू आहे, राहणं. वस्ती, निवास, वसणं. या धातूचा जर्मानिक भाऊ कोणता, सांगा बरं? इंग्रजीतला 'वॉज', म्हणजे 'होता'. जर्मन 'गेवेझन', तेही तेच. म्हणजे इंग्रज माणूस 'आय वॉज' म्हणतो तेव्हा मुळात 'मी वस्तीला होतो' असं म्हणत असतो. असण्याच्या क्रियापदात त्यांच्याकडे आपले दोन धातू शेजारी बसले आहेत, 'बी' मध्ये भू आणि 'वॉज' मध्ये वस्. एखाद्याचं गाव उठलं की त्याच्या 'आहे' चा 'होता' होतो. पुनर्वसन म्हणजे त्या 'होता' चा परत 'आहे' करणं. ते काम पैशाची पावती घेऊन पुरं होत नाही.

मग आमचं म्हणणं काय? एवढंच, की 'बांध' या शब्दाला दोन टोकं आहेत आणि जर्मानिक भाषांनी त्यातलं दुसरं टोक नीट जपून ठेवलं आहे. बुंड म्हटला की दोन्ही पक्ष बांधले जातात. बाँड लिहून दिला की लिहून देणारा बांधला जातो, घेणारा नाही. धरण बांधणाऱ्याने नदी बांधली, हे आपण बोलतो. पण ज्याच्या खाचरावर ते पाणी उभं आहे त्याच्याशी बांधणाराही बांधला गेला. आणि 'बांधणारा' म्हणजे फक्त सरकार नव्हे. ज्याच्या नळाला ते पाणी येतं, तोही त्या रोख्यावर सही केलेला आहे, त्याला आठवो वा न आठवो.

खाचराचा बांध आठवा. दोन शेतकऱ्यांच्या मधे तो असतो. बांध कोरला म्हणून इथे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण पाऊस लागला आणि बांध फुटला तर घालायला दोन्ही बाजूंचे येतात, कारण फुटलेल्या बांधातून एकाचं पाणी जातं आणि दुसऱ्याचं रोप वाहतं. वेगळं करणारी वस्तू तीच, बांधून ठेवणारीही तीच. पुण्याच्या आणि पानशेतच्या मधेही एक बांध आहे, जरा मोठा. तो दोन्ही बाजूंनी सांभाळायचा असतो, हे त्या शब्दातच आहे.

पुढच्या व्याख्यानात आपण 'ऋण' या शब्दाकडे जाऊ. आजच्याशी त्याचा संबंध आहे, आणि 'संबंध' या शब्दात कोणता धातू आहे, हे आता आम्ही सांगायला नको.